लिफ्टने घेतलेला निर्णय : लंडनच्या ऑल्डविच स्थानकाचं प्रकरण

प्रकरण काय आहे

३० सप्टेंबर १९९४, शुक्रवार. लंडनच्या भुयारी रेल्वेने त्या दिवशी दोन मार्ग एकदमच बंद केले. एक शहराबाहेरचा, शेतांमधून जाणारा एपिंग ते ऑन्गर. दुसरा भर शहरातला, होलबर्न ते ऑल्डविच. मध्ये एकही स्थानक नाही, अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर. गाडीत बसून पाठ टेकेपर्यंत उतरायची वेळ. बंद करण्याचं जाहीर कारण होतं लिफ्ट. १९०७ साली बसवलेल्या लिफ्ट बदलायला ३० लाख पौंड लागणार होते, आणि स्थानक वापरणारे लोक होते दिवसाला सुमारे ४५०.

एवढंच वाचलं तर प्रकरण दोन ओळींत संपतं. प्रवासी नाहीत, खर्च मोठा, लावा कुलूप. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण इतिहासात एकेक पाऊल मागे जाऊ लागलं की लक्षात येतं, हे स्थानक उघडलं त्या दिवशीही पुरं झालेलं नव्हतं. पुढच्या ८७ वर्षांत ते ना कोणी पुरं केलं, ना मोडीत काढलं. शेवटच्या दिवसापेक्षा या मधल्या वर्षांकडे बघण्यात जास्त शिकण्यासारखं आहे, म्हणून या टिपणाचा भर तिथे आहे.

निर्णय घेणाऱ्यांची नावं मुद्दाम टाळली आहेत. खुर्चीत कोण बसलं होतं याने इथे फारसा फरक पडलेला दिसत नाही.

पार्श्वभूमी

सुरुवातीला दोन वेगळ्या कंपन्या होत्या आणि दोघींची रेल्वे कागदावरच होती. एकीला १८९९ मध्ये उत्तर लंडनमधून स्ट्रँडपर्यंत भुयारी मार्ग बांधायची परवानगी मिळाली. स्ट्रँड म्हणजे नाटकगृहं, न्यायालयं, पलीकडे वृत्तपत्रांच्या कचेऱ्या. तिथे संपणाऱ्या मार्गाला गिऱ्हाईक शोधायला जावं लागलं नसतं. दुसऱ्या कंपनीचा मार्ग पश्चिमेकडून पिकॅडिलीकडे येणार होता. एका अमेरिकन भांडवलदाराच्या गटाने दोन्ही कंपन्या विकत घेतल्या आणि त्यांचे मार्ग होलबर्नपाशी एकमेकांना जोडले. आजची पिकॅडिली लाइन ती हीच.

जोडणी शहाणपणाची होती, यात शंका नाही. मात्र तिच्यामुळे होलबर्नच्या दक्षिणेला एक तुकडा उरला. पहिल्या योजनेत हाच मार्गाचा मुख्य शेवट होता, नव्या योजनेत तो नुसती शेपटी झाला. तो सोडून द्यायचा, की पुढे टेम्स नदीखालून वॉटर्लूला नेऊन त्याला अर्थ द्यायचा? दोन्हीपैकी काहीच झालं नाही. तेवढाच्या तेवढा तुकडा शाखा म्हणून बांधला गेला.

मुख्य मार्ग १५ डिसेंबर १९०६ ला सुरू झाला, शाखा जवळपास वर्षभराने, ३० नोव्हेंबर १९०७ ला. स्थानकासाठी स्ट्रँड आणि सरे स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं एक नाटकगृह पाडलं गेलं. तिथे त्या कंपनीच्या सगळ्या स्थानकांची ओळख असलेली गडद लाल, चकचकीत टेराकोटाची इमारत उभी राहिली. नाव होतं 'स्ट्रँड'. ते १९१५ मध्ये बदलून 'ऑल्डविच' केलं. लंडनला जाऊन आलेल्यांसाठी खूण सांगायची तर भारतीय उच्चायुक्तालयाचं इंडिया हाउस याच ऑल्डविचच्या अर्धगोलावर आहे, स्थानकापासून काही मिनिटांच्या अंतरावर.

आता जमिनीखाली काय बांधलं ते बघू, कारण सगळं प्रकरण तिथेच उकलतं. लिफ्टसाठी तीन गोल विहिरी खोदल्या होत्या. एका विहिरीत दोन, म्हणजे एकूण सहा लिफ्टची सोय. प्रत्यक्षात एकाच विहिरीत लिफ्ट बसवल्या, उरलेल्या दोन विहिरी रिकाम्या राहिल्या. खाली दोन बोगदे आणि दोन फलाट, पण गर्दीची वेळ सोडली तर गाड्यांचं काम एकावरच भागत असे. प्रवाशांची वाट सोडून दुसऱ्या बाजूला वळलं की भिंतीवरच्या फरशा मध्येच संपतात. पुढे बोगद्याच्या बिडाच्या कड्या तशाच उघड्या दिसतात, नटबोल्टांसकट. गर्दी झाली तर हे पुरं करू, असा बांधणाऱ्यांचा हिशोब असणार. गर्दी झालीच नाही.

अडचण

का झाली नाही? याची उत्तरं १९०७ मध्येही दिसत होती.

शाखा होलबर्नपासून ऑल्डविचपर्यंत फक्त मागेपुढे करत असे. म्हणजे उत्तरेकडून किंवा पश्चिमेकडून येणाऱ्याने होलबर्नला उतरायचं, फलाट बदलायचा, शटलची वाट बघायची आणि मग अर्धा किलोमीटर जायचं. तेवढ्यात माणूस चालत पोहोचतो. सुरुवातीला रात्रीची एक खास गाडी असे. नाटक सुटल्यावर ती स्ट्रँडहून थेट उत्तरेला फिन्सबरी पार्कपर्यंत जायची. ही कल्पना खरोखर चांगली होती, कारण शाखेच्या शेवटाला नेमकं काय आहे ते तिने ओळखलं होतं. पण १९०८ मध्येच ती गाडी बंद झाली.

शेजारचे प्रतिस्पर्धीही तगडे होते. सरे स्ट्रीटने नदीकडे उतरत गेलं की टेम्पल स्थानक लागतं, तिथून डिस्ट्रिक्ट लाइन मिळते. आणि होलबर्न ते ऑल्डविच ज्या किंग्सवे रस्त्याखालून ही शाखा जाते, त्याच रस्त्याखाली १९०६ पासून ट्रामचा बोगदा होता. ट्राम १९०८ मध्ये पुढे नदीकाठच्या एम्बँकमेंटपर्यंत गेली आणि तिथून दक्षिण लंडनशी जोडली गेली. भुयारी रेल्वे जिथे थांबत होती तिथून ट्राम पुढे जात होती. रस्ता तोच, पण एका वाहनाला पुढचा पल्ला होता आणि दुसऱ्याला नव्हता. प्रवाशाने कशात बसावं हे सांगायला कोणी सल्लागार लागत नाही.

ढकललेले निर्णय

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला गर्दीच्या वेळची दुसरी गाडी बंद झाली आणि पूर्वेकडचा फलाट वापरातून गेला. उघडल्यापासून सात वर्षांत स्थानक निम्मं मिटलं होतं. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात त्या मिटलेल्या बोगद्यात नॅशनल गॅलरीची सुमारे ३०० चित्रं बॉम्बपासून सुरक्षित ठेवली होती. रविवारची सेवा १९१७ मध्ये थांबली. १९२२ मध्ये तिकीट खिडकीही बंद झाली आणि तिकिटं थेट लिफ्टमध्येच मिळू लागली. लिफ्ट चालवणारा आणि तिकीट देणारा माणूस एकच. मला या सगळ्या कपातींपैकी ही सर्वांत बोलकी वाटते. वरची अख्खी तिकीट कचेरी उचलून दोन माणसांच्या अंतराएवढ्या जागेत आणून ठेवली, आणि काम अडलं नाही.

दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत स्थानक बंद करण्याचा विषय निघाला आणि मागे पडला. याच काळात थोड्याच अंतरावर एक वेगळा निर्णय झाला. सेंट्रल लाइनचं ब्रिटिश म्युझियम स्थानक होलबर्नच्या अगदी जवळ होतं, पण दोन्ही मार्गांत गाडी बदलायची तर रस्त्यावरून चालत जावं लागे. १९३३ मध्ये होलबर्नला सेंट्रल लाइनचे नवे फलाट बांधले आणि जुनं स्थानक सरळ बंद केलं. म्हणजे संस्थेला स्थानक बंद करता येत नव्हतं असं नाही. एक गोष्ट बंद करताना तिच्या जागी चांगलं काय द्यायचं हे ठाऊक असलं की निर्णय झटकन झाला. ऑल्डविचच्या जागी द्यायला काही नव्हतं, आणि ते चालू ठेवणं फारसं महागही पडत नव्हतं. म्हणून विषय पुन्हा गुंडाळून ठेवला गेला.

सप्टेंबर १९४० मध्ये बॉम्बहल्ले सुरू झाले. २२ तारखेपासून शाखेवरची गाडी थांबली आणि स्थानक लोकांच्या आसऱ्यासाठी खुलं झालं. बोगद्यात ब्रिटिश म्युझियमचा ठेवा ठेवला गेला, त्यात अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराची शिल्पंही होती. गाडी पुन्हा धावली ती थेट १ जुलै १९४६ ला.

इथे जरा थांबायला हवं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत स्वस्त निर्णयाचा क्षण १९४६ हाच होता. जवळपास सहा वर्षं गाडी नव्हती. ज्यांना ऑल्डविचला जायचं होतं त्यांनी तोवर दुसरी सवय लावून घेतली होती, त्यामुळे हक्क हिरावून घेतल्याची ओरड झाली असती तरी क्षीणच. रेल्वेला फक्त एकच करायचं होतं : सेवा परत सुरू न करणं. पण युद्धानंतरची मानसिकता 'सगळं पूर्ववत करा' अशी होती आणि पूर्ववत करायच्या यादीत हे स्थानकही बसलं. पूर्वी होतं ते चांगलं होतं का, हे विचारायला त्या वर्षी कोणाला उसंत असणार?

पुढे १९५८ मध्ये शाखा फक्त सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेपुरती राहिली. शनिवारची सेवा १९६२ मध्ये गेली. ट्रामचा बोगदा त्याआधीच, १९५२ मध्ये बंद झाला होता, पण त्याचे प्रवासी भुयारी रेल्वेकडे वळले नाहीत. ते बसमध्ये चढले.

आशेने केलेलं नुकसान

मग हे स्थानक कशाच्या जोरावर तगून राहिलं? विस्ताराच्या.

वॉटर्लूपर्यंत नेण्याची कल्पना स्थानक उघडल्यापासून घुटमळत होती. ती नकाशावर बघितली की लगेच पटते. वॉटर्लू हे लंडनमधल्या सर्वांत गजबजलेल्या रेल्वे स्थानकांपैकी एक. ते नदीच्या पलीकडे, समोरच. एवढा एक टप्पा जोडला की शेपटीचा पूल होतो. १९६० च्या दशकाच्या मध्यात त्यासाठी संसदेची परवानगीही मिळाली. परवानगी आली, पैसा आला नाही.

त्यानंतर दुसरी आशा उगवली. भुयारी रेल्वेचा नवा मार्ग, जुबिली लाइन, १९७९ मध्ये चेरिंग क्रॉसपर्यंत सुरू झाली आणि पुढच्या टप्प्यात ती ऑल्डविच, लडगेट सर्कस असं करत पूर्वेला फेनचर्च स्ट्रीटकडे जाणार होती. चेरिंग क्रॉसच्या पुढे स्ट्रँडखालून ऑल्डविचच्या दिशेने बोगदेही खोदून ठेवले होते. त्या वर्षांत ऑल्डविच बंद करायचं म्हणणाऱ्याला कोणीही उत्तर दिलं असतं : उद्या इथे नवा मार्ग येणार आहे, आज कशाला मोडता?

ही आशा खोटी नव्हती, म्हणूनच ती जास्त घातक ठरली. पूर्ण फोल योजना लवकर विसरली जाते. अर्धी खोदलेली, संसदेने मान्य केलेली, नकाशावर तुटक रेघेने काढलेली योजना मात्र दर वर्षी एका वर्षाची मुदतवाढ मिळवत राहते. तेवढ्या काळात ऑल्डविचच्या लिफ्टवर मोठा खर्च झाला नाही आणि ते बंदही झालं नाही. लिफ्ट १९०७ च्याच राहिल्या.

१९९३ : समोरचे पर्याय

१९९० च्या सुमारास चित्र बदललं. जुबिली लाइनचा विस्तार आता वेगळ्या वाटेने जाणार होता : ग्रीन पार्कहून वेस्टमिन्स्टर, वॉटर्लू, लंडन ब्रिज करत कॅनरी व्हार्फच्या नव्या कचेऱ्यांकडे. १९९२ मध्ये त्याला संसदेची मंजुरी मिळाली. या मार्गावर ऑल्डविच नव्हतं. जानेवारी १९९३ मध्ये शाखा बंद करण्याचा प्रस्ताव जाहीर झाला. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की लिफ्ट हे कारण होतं की निमित्त, असा प्रश्न पडतो. माझं मत, दोन्ही. लिफ्टमुळे निर्णय टाळणं अशक्य झालं आणि जुबिलीमुळे तो घेणं शक्य झालं.

प्रत्यक्षात समोर काय काय होतं?

लिफ्ट बदलणं. ३० लाख पौंड. स्थानकाचा वर्षाचा तोटा दीड लाख पौंड सांगितला जात होता, म्हणजे नुसत्या लिफ्टचा खर्च वीस वर्षांच्या तोट्याइतका. दिवसाला ४५० प्रवासी धरले तर माणशी सहा हजार सहाशेहून जास्त पौंड. आणि लिफ्ट नवी झाली म्हणून प्रवासी वाढले नसते, कारण त्यांची अडचण लिफ्ट ही नव्हतीच. अडचण होलबर्नला होणारी गाडी-बदल ही होती.

डागडुजी करून जुन्याच लिफ्ट चालवणं. दहा वर्षांपूर्वी कदाचित हेच झालं असतं. पण नोव्हेंबर १९८७ मध्ये किंग्ज क्रॉस स्थानकातल्या आगीत ३१ माणसं गेली. ती आग एका जुन्या, लाकडी सरकत्या जिन्याखाली लागली होती. त्यानंतर भुयारी स्थानकांच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. 'जुनं यंत्र आहे, पण चालतंय' हे वाक्य कोणत्याही अधिकाऱ्याला लिखित स्वरूपात नको होतं. फलाट जमिनीखाली २८ मीटरवर. लिफ्टशिवाय फक्त जिना ठेवून रोजची प्रवासी सेवा चालवणं हा विचारच करण्यासारखा नव्हता.

सेवा वाढवून प्रवासी वाढवणं. याबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण बंद करण्याच्या विरोधातला सर्वांत चांगला मुद्दा इथेच दडला आहे. ४५० हा आकडा कशाचा? गर्दीच्या वेळेपुरती, शनिवार-रविवार बंद, अशा सेवेचा. दुपारी किंग्ज कॉलेजमधून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला, संध्याकाळी उशिरा बुश हाउसमधून सुटणाऱ्या बीबीसीच्या माणसाला, रात्री नाटक बघून निघालेल्या कुटुंबाला हे स्थानक बंदच होतं. आधी सेवा कापायची आणि मग उरलेली डोकी मोजून मागणी नाही म्हणायचं, हा हिशोब जगभर चालतो आणि कुठेही तो पूर्ण प्रामाणिक नसतो. तरीही, सेवा पूर्ण दिवस केली असती तर आकडा दुप्पट झाला असता, तिप्पट झाला असता. तिप्पट केला तरी दिवसाला १३५०. पूर्ण लंडनच्या भुयारी जाळ्यात ही संख्या कुठेच लागत नाही. शिवाय जास्त फेऱ्यांचा खर्च वेगळाच.

पुन्हा वाट बघणं. हा पर्याय ८० वर्षं दर वेळी निवडला गेला होता. १९९३ मध्ये पहिल्यांदाच वाट बघायला समोर काही उरलं नव्हतं.

राहिलं बंद करणं.

काय केलं

ब्रिटनमध्ये रेल्वे स्थानक बंद करणं ही फक्त व्यवस्थापनाच्या हातची गोष्ट नाही. प्रस्ताव जाहीर करावा लागतो, प्रवाशांच्या हरकती मागवाव्या लागतात. बंद झाल्याने किती जणांची किती गैरसोय होईल याबाबत प्रवासी समिती आपलं म्हणणं मांडते आणि शेवटचा शब्द त्या वेळी परिवहन मंत्र्यांचा असे. ऑल्डविचच्या बाबतीत जाहीर प्रस्तावापासून कुलपापर्यंत वीसेक महिने लागले. दिरंगाई वाटावी इतका हा काळ मोठा नाही, आणि या प्रकरणात प्रक्रिया नीट चालली असंच म्हणावं लागेल. होलबर्न चालत गाठता येतं, टेम्पल त्याहून जवळ. गैरसोयीचा मुद्दा फार ताणता येण्यासारखा नव्हता.

कुलूप लावताना एक गोष्ट मात्र शहाणपणाची झाली. रूळ उखडले नाहीत, वीज तोडली नाही, बोगदा भरून टाकला नाही. पश्चिमेकडच्या फलाटावर गाडी उभी करता येईल आणि थोडी मागेपुढे हलवता येईल अशी व्यवस्था जपली. हा निर्णय भावनेपोटी नव्हता. शनिवार-रविवारी आणि दुपारी बंद असणारं हे स्थानक चालू असतानाच चित्रपटवाल्यांना भाड्याने दिलं जात होतं. मिटलेल्या पूर्वेकडच्या फलाटावर इतर स्थानकांसाठीच्या फरशा, रंग, सजावटीचे नमुने लावून बघितले जात होते. प्रवासी सोडून बाकीच्यांना या जागेचा उपयोग आहे, हे रेल्वेला आधीच कळलं होतं.

परिणाम

प्रवाशांवर परिणाम जवळजवळ शून्य. कुठे गर्दी वाढली नाही, कुठे ओरड टिकली नाही.

जागेचं मात्र बरं झालं. लंडनच्या भुयारात चित्रीकरण करायचं म्हणजे चालू स्थानकात रात्री दीडनंतर घाईघाईने करायचं. इथे दिवसभर निवांत करता येतं, गाडीही उभी असते. गेल्या तीस वर्षांत पडद्यावर दिसलेली लंडनची बरीचशी 'भुयारी रेल्वे' प्रत्यक्षात हे एकच स्थानक आहे. २०११ मध्ये ते दुसऱ्या श्रेणीची वारसा वास्तू म्हणून नोंदलं गेलं. लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम तिथे मार्गदर्शक घेऊन फेऱ्या काढतं आणि त्यांची तिकिटं आगाऊ घ्यावी लागतात. दर्शनी भागावर जुनं 'स्ट्रँड' नाव पुन्हा वाचता येतं. १९१५ पासून जे नाव वापरात नाही, तेच आज रस्त्यावरच्या माणसाला आधी दिसतं.

जुबिली लाइनचं पुढे काय झालं तेही याच प्रकरणाचा भाग आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये विस्तार वेस्टमिन्स्टरकडे वळला आणि चेरिंग क्रॉसचे जुबिलीचे फलाट अवघ्या वीस वर्षांत बंद झाले. ते सरकत्या जिन्यांसह बांधलेले, प्रशस्त आणि आधुनिक होते. ऑल्डविचकडे निघालेले बोगदे आजही स्ट्रँडखाली आहेत, स्थानकाच्या अलीकडे थांबलेले. म्हणजे एका अर्धवट स्थानकाला पूर्ण करायला निघालेला मार्ग स्वतःच अर्धवट राहिला.

वेगळं काय करता आलं असतं

१९९४ चा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. त्याआधीच्या वर्षांबद्दल मात्र बोलण्यासारखं बरंच आहे.

१९०७ ची तुलना करायला त्याच भांडवलदाराच्या गटाचं दुसरं काम हाताशी आहे. हॅम्पस्टेडकडे जाणाऱ्या त्यांच्या रेल्वेवर नॉर्थ एंड नावाचं स्थानक ठरलं होतं. फलाटांचे बोगदे खोदून झाले होते. पण वरच्या ज्या जमिनीवर घरं होणार होती ती मोकळी ठेवायचं ठरलं, म्हणजे येणारे प्रवासीच गेले. १९०६ मध्ये काम थांबवलं. प्रवाशांसाठी ना वर इमारत झाली, ना लिफ्ट बसल्या. नॉर्दर्न लाइनच्या गाड्या आजही त्या रिकाम्या फलाटांच्या जागेवरून निघून जातात. खोदकामाचे पैसे गेले ते गेले, पण त्यानंतर दर वर्षी काही जात राहिलं नाही. तोच गट, तोच काळ, सारखाच पेच. एके ठिकाणी गृहीतक कोसळल्याबरोबर हात काढला, दुसरीकडे गृहीतक कोसळूनही बांधलं. फरक एवढाच की नॉर्थ एंडला काय बदललं ते डोळ्यांना दिसत होतं, ती मोकळी जमीन होती. ऑल्डविचला बदललेली गोष्ट नकाशात होती. मार्गाचा शेवट शाखा झाला होता, आणि ते बघायला जागेवर जाऊन उपयोग नव्हता.

१९४६ बद्दल वर लिहिलंच आहे. त्यात एक भर. बंद असलेली सेवा पुन्हा सुरू करणं हाही नवा निर्णय असतो आणि त्यालाही नव्या सेवेइतकेच प्रश्न विचारायला हवेत. तसे विचारले असते तर १९०७ च्या लिफ्टना १९९३ पर्यंत ओझं वाहायची वेळ आली नसती.

आणि विस्ताराच्या आशेचं. मी तिथे असतो तर १९६५ मध्ये किंवा फार तर १९७९ मध्ये एकच अट लिहून ठेवली असती : अमुक वर्षापर्यंत विस्ताराचा पैसा मंजूर झाला नाही तर शाखा आपोआप बंदीच्या प्रक्रियेत जाईल. अशी तारीख असती तर विस्तार मागणाऱ्यांनाही ती धरून जोर लावता आला असता, आणि विरोध करणाऱ्यांनाही. तारीख नसल्यामुळे दोघांनाही सोयीचं होतं ते घडलं, म्हणजे काहीच नाही. शेवटी तारीख ठरवली ती यंत्राच्या वयाने.

हे मागे बसून लिहिणं सोपं आहे, याची जाणीव आहे. १९७९ मध्ये जुबिलीचे बोगदे ऑल्डविचच्या दिशेने सरकत असताना ते स्थानक बंद करा म्हणणारा अधिकारी त्या खोलीत वेडा ठरला असता, आणि जुबिली खरंच तिथे आली असती तर आज आपण त्याच्या घाईवर टिपण लिहीत असतो. माझा आक्षेप चालू ठेवण्याला नाही. चालू ठेवताना कशाची, किती दिवस वाट बघतोय हे कुठेच न लिहिण्याला आहे.

त्या दोन लिफ्ट अजून तिथेच आहेत. वर, तिकीट हॉलच्या पातळीवर कायमच्या थांबवलेल्या. बघायला येणारे आधी त्यांच्यात डोकावतात, आणि मग शेजारच्या गोल जिन्याने दीडशेहून जास्त पायऱ्या उतरून फलाटावर जातात.